नजरेआडचे तास

कांता हिंगणघाटच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि रविवारी गावाबाहेरच्या माळावर क्लबचं मोटर-ग्लायडर, म्हणजे इंजिन बंद करूनही हवेवर तरंगणारं छोटं विमान, उडवायची. परवान्याला थोडेच तास कमी होते, पण काही केल्या ते भरेनात. लॉगबुक क्लबचे सेक्रेटरी पुंडलिकराव यांच्या हाती होतं आणि इंजिन चालू असतानाचा वेळ ते धरतच नसत. "इंजिनावर तं आटाचक्कीबी चालते," म्हणायचे.

म्हणून चैत्रातल्या एका दुपारी तिनं वर जाताच इंजिन बंद केलं. तापल्या रानातून चढणाऱ्या हवेत घारी गिरक्या घेत होत्या, तीही त्यांच्यात शिरली. कापसाच्या जिनिंगची धुराडी मागे पडली, वेणा नदी मागे पडली. दोन तास कसे गेले कळलं नाही. मग ऊन कललं, हवा निवली. इंजिन काही सुरू होईना. शेवटी सेलूजवळ, तानबा नावाच्या शेतकऱ्याच्या पऱ्हाट्या उपटलेल्या वावरात ती उतरली.

दुसऱ्या दिवशी लॉगबुक उघडलं, तर त्यात आठ मिनिटं!

"अन् बाकीचे दोन तास?" तिचा आवाज चढला.

"नजरेआड गेल्यावर तुम्ही उडून राह्यल्या का झाडाखाली बसून राह्यल्या, मले काय मालूम? उतरताना कोनं पाह्यलं?"

"तानबानं पाह्यलं! वावर त्याचंच हाये."

"तानबा क्लबचा मेंबर हाये का?"

कांतानं दात-ओठ खाल्ले. पुढच्या रविवारी तिनंच भर उन्हात खुर्ची मांडली. "बसा पुंडलिकराव. आता नजर हलवू नका."

इंजिन बंद करून ती त्यांच्या डोक्यावरच घिरट्या घालत राहिली. तासाभरानं खाली पुंडलिकरावांचा दुपट्टा हलू लागला. उतरा, उतरा! तिला दिसलं, पण ती उतरली नाही. हवेनं साथ सोडली तेव्हाच चाक टेकवलं.

मान धरूनच पुंडलिकरावांनी दीड तास लिहिला. "सुरवातीची इंजिनाची मिनिटं कापा लागतीन, बाई."

"कापा ना! पुढच्या रविवारी मानेले तेल लावून या."

मृगाआधी परवाना आला. सगळे पेढे मागत होते. तिनं वाटलेही. पण सेलूपर्यंतचे ते दोन तास कुठंच लिहिले गेले नव्हते, आणि हातात परवाना असूनही तिचा राग काही उतरत नव्हता.