पेट्रोलवाल्याच्या पाठीवर

मी एक पिकअप ट्रक आहे. पांढरा, चार दारांचा आणि पेट्रोलवर चालणारा. हे शेवटचं मी जरा हळूच सांगतो. आमच्या ब्रश क्रीक गावात 'मी पेट्रोलवर चालतो' म्हणणं म्हणजे 'मी घरजावई आहे' म्हणण्यासारखं आहे.

इथले पुरुष डिझेल चालवतात. डिझेलचा ट्रक सुरू झाला की शेजारणीच्या कपाटातल्या बशा वाजतात आणि मालकाचा जीव सुखावतो. मी सुरू झालो तर मालकाला शंका येते, झाला की नाही, आणि तो परत किल्ली फिरवतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. किती हात लागले ते आता आठवत नाही. शेवटचा हात मात्र आठवतो. एका बाईनं माझ्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक छोटा कागद चिकटवला आणि अंगठ्यानं घट्ट दाबला. त्यावर लिहिलं होतं, माणसं आणि सामान मिळून चौतीसशे पौंडांच्या वर घालू नये. माझ्याकडचं खरं बोलणं तेवढंच. बाकी सगळं जाहिरातीत आहे.

मग अकरा महिने मी दुकानाच्या मागच्या रांगेत उभा होतो. शेजारी माझाच जुळा भाऊ, डिझेलवाला. गिऱ्हाईक यायचं, त्याचं बॉनेट उघडून आत बघत मान हलवायचं. काय बघतात देव जाणे, पण मान सगळेच हलवतात. मग टायरला लाथ मारायची. ट्रक पारखायची इथली पद्धत तीच. माझं दारही पुष्कळांनी उघडलं, बसून रेडिओ लावून पाहिला. चौकटीवरचा कागद कुणी वाचला नाही.

एका शनिवारी गॅरेट आला. बरोबर त्याची बायको ब्रिन, तिच्या कडेवर दोन वर्षांची हॅटी, आणि गॅरेटचे वडील व्हर्लन. यांना ट्रक हवा होता पाठीवर कॅम्पर घेण्यासाठी. कॅम्पर म्हणजे ट्रकच्या हौद्यात बसवायची खोली. आत पलंग, शेगडी, संडास, सगळा संसार. उन्हाळ्यात खिंड ओलांडून तळ्यावर जायचं, हे गॅरेटचं लग्नाआधीपासूनचं स्वप्न.

आणि ब्रिनची भीती ती खिंडच होती. ती वाढली त्या घाटाच्या पायथ्याला. ब्रेक जळलेल्या गाड्या शेवटी ज्या वाळूच्या चढात घुसवतात, तो चढ तिच्या माहेरच्या स्वयंपाकघरातून दिसायचा. जळक्या ब्रेकचा वास तिला जेवणाच्या वासाइतका ओळखीचा. आता त्याच उतारावरून मागच्या सीटवर हॅटी जाणार होती.

विक्रेता लोवेल म्हणाला, "तेरा हजार पौंड ओढतो हा डिझेल."

"आणि कॅम्पर सव्वीसशेचा," गॅरेट म्हणाला. "डुलक्या घेत नेईल."

"ओढायचं कुठाय?" ब्रिन म्हणाली. "पाठीवर घ्यायचंय ना?"

दोघं तिच्याकडे असे बघायला लागले, जणू हॅटीच काहीतरी बोलली. व्हर्लन हसले. "पोरी, तेरा हजारांत सव्वीसशे किती वेळा बसतात, ते सोड. ट्रकला जोर लागतो."

हॅटी कडेवरून उतरायला धडपडत होती, म्हणून ब्रिननं डिझेलवाल्याचं दार उघडून पोरीला आत टेकवलं, आणि समोरच कागद. तिनं वाचला. मग हॅटीला उचलून माझ्याकडे आली आणि माझाही वाचला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकून घेत होतं. मला एकदम लाजल्यासारखं झालं.

"त्याला सत्तावीसशे चालतात. याला चौतीसशे. असं का?"

लोवेलनं घसा साफ केला. "डिझेलचं इंजिन मुळातच जड असतं, मॅडम."

"म्हणजे तो आधी स्वतःला वाहणार, उरलं तर आम्हाला."

"पेट्रोलचा ट्रक म्हणजे किराणा आणायची गाडी," व्हर्लन म्हणाले.

"मग ठीक आहे. किराणा मलाच आणावा लागतो."

गॅरेटनं मला घेतलं. घेताना त्याचा चेहरा असा होता, जसं भाजी घ्यायला पाठवलेल्या माणसाला कुणी ओळखीचं भेटावं. गावातले डिझेलवाले एकमेकांना स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून रामराम करतात. माझ्या वाट्याला एक बोट यायचं, तेही खाजवताना उचलल्यासारखं.

कॅम्पर आणायला गेलो त्या दिवशी ब्रिननं मला वाटेत धान्याच्या कोठारापाशी थांबवलं. तिथं गव्हाच्या गाड्या मोजायचा वजनकाटा आहे आणि काट्यावर नेड्रा नावाची जाडजूड बाई. मी रिकामा भरलो साडेसहा हजार. ब्रिननं आकडा हातावर लिहून घेतला. गॅरेट तेवढा वेळ खाली उतरून, टोपी डोळ्यांवर ओढून लांब उभा होता. बायकोनं ट्रकचं वजन केलं, हे गावात कळलं तर?

पुढच्या शुक्रवारी सगळा लवाजमा निघाला. कॅम्परची टाकी पाण्यानं काठोकाठ. बिडाची भांडी, जनरेटर, खुर्च्या. व्हर्लनही निघाले, पोराला मासे धरता येत नाहीत म्हणून. माझ्या मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्या दबून सपाट झाल्या आणि तोंड वर झालं. बघणाऱ्याला वाटावं, केवढा अभिमान.

"काट्यावर घे," ब्रिन मागून म्हणाली.

"ब्रिन, कंपनीनं लिहून दिलंय सव्वीसशे."

"कंपनी खिंडीतून येणार आहे का आपल्याबरोबर?"

गॅरेटनं मला काट्यावर घेतलं. नेड्रानं खिडकीतून डोकं काढलं. "दहा हजार चारशे साठ. काय रे, घर घेऊन पळतोयस का?"

ब्रिननं वजाबाकी केली. एकोणचाळीसशे साठ. पाचशे साठ जास्त. कंपनीचं सव्वीसशे हे वजन ज्या कॅम्परचं होतं त्यात पंखा नव्हता, बॅटरी नव्हती, छत्री नव्हती आणि मुळात कुणी राहतही नव्हतं.

"थोडं इकडंतिकडं चालतं," गॅरेट म्हणाला.

ब्रिननं हॅटीच्या सीटचा पट्टा सोडायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही. "तुम्ही जा. आम्ही दोघी उतरतो."

मग तिनं सासऱ्यांना विचारलं, "व्हर्लन, तुम्ही शिकाऱ्यांचं सामान खेचरांवर लादून डोंगरात न्यायचात ना? एका खेचरावर किती लादायचात?"

"दीडशे," व्हर्लन म्हणाले. "दोन्ही बाजूंच्या पेट्या ताणकाट्याला लावून. एक पौंड वर नाही. खेचर मरतं, आणि मरताना वाट सोडून खाली दरीत…" एवढं बोलून ते थांबले. वाक्य पुढं कुठं जातंय, ते त्यांना ऐकू आलं असावं. त्यांनी मागं वळून हॅटीकडे पाहिलं. ती दुधाची बाटली चोखत होती.

"पाणी सोड रे," ते पोराला म्हणाले. "तळ्यावर नळ आहेत."

तीनशे तीस पौंड पाणी नेड्राच्या अंगणात गेलं. तरी दोनशे तीस जास्तच. गॅरेट बिडाच्या भांड्यांकडे बघत होता, ब्रिन जनरेटरकडे. व्हर्लन दार उघडून खाली उतरले.

"अडीचशे," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात डॉक्टरकडे मोजलंय. मी घरी जाऊन माझ्या ट्रकनं मागून येतो."

नेड्रा म्हणाली, "नऊ हजार आठशे ऐंशी. वीस पौंड उरले. चहा घेऊन जा."

खिंडीच्या उतारावर गॅरेटनं मला दुसऱ्या गिअरमध्ये घातलं आणि मी ओरडत उतरलो. पेट्रोलवाला असाच उतरतो, इंजिनाच्या जोरावर, बोंबलत, ब्रेक न लावता. अर्धा घाट ब्रिनचा हात हॅटीच्या पायावर होता. वास येतोय का म्हणून ती काच खाली करून बघत होती. वाळूचा चढ आला आणि मागं गेला. त्यानंतर तिनं तो हात काढून स्वतःची वेणी सारखी केली.

आता चार दिवस झाले, मी तळ्याकाठी उभा आहे. शेजारच्या तंबूतल्या माणसाला व्हर्लन समजावतायत की कॅम्पर घ्यायचा तर पेट्रोलच घ्यावं, आपण पोराला पहिल्यापासून तेच सांगत होतो. माझी हरकत नाही. तुम्हीही कधी ट्रक बघायला गेलात तर बॉनेट उघडा, मान हलवा, टायरला लाथ मारा, हौस भागवून घ्या. मग दार उघडा आणि चौकटीवर काय लिहिलंय ते वाचा. आम्हाला बोलता येतं ते तेवढंच.

उद्या परत खिंड आहे. हॅटीनं काठावरचे गोल दगड फ्रॉकच्या ओच्यात भरून आणलेत आणि एकेक करून माझ्या पायरीवर मांडतेय. गॅरेट तिच्यासमोर उकिडवा बसलाय, हातात एक दगड झेलत, तोलत.

"तीनच न्यायचे हं," तो तिला म्हणतोय. "बघ, कुठले तीन."