माझ्या दाराबाहेरची गर्दी

मित्रांनो, तळघरातल्या जाड भिंतींच्या खोलीत कुरकुरत फिरणारे जे धूड तुम्हाला दिसते आहे, ते मीच. मी कॅन्सरच्या रुग्णांना किरण देणारे एक जुने यंत्र आहे. माझे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. रुग्ण त्यांना साधेपणाने 'शेक' म्हणतात आणि मलाही तेच नाव आवडते.

कारखान्यात माझा एकेक स्क्रू पुन्हा पुन्हा तपासला गेला. मला इथे उतरवले तेव्हा आख्खे रुग्णालय बघायला लोटले होते. मोठे डॉक्टर पाहुण्यांना घेऊन यायचे, माझी पाठ थोपटायचे. माझी छाती फुगायची.

पुढे शेजारच्या खोलीत नवे यंत्र आले आणि सगळे तिकडे वळले. सकाळी मला थोडे काम असे, दुपारी मात्र मी माशा मारत बसे. माझे डोके तापू नये म्हणून इथे सतत गारवा ठेवावा लागतो. त्यामुळे बाहेरचा पॅसेजही थंडगार राहतो. दुपारी तिथल्या बाकांवर माणसांची झुंबड उडे. मला वाटे, ही सगळी त्या नव्याची गिऱ्हाइके. माझा नुसता जळफळाट होई.

एका सकाळी ट्रॉलीवरून एका सुताराला आणले. तो कित्येक आठवडे वरच्या वॉर्डात होता. कॅन्सर त्याच्या मणक्यात उतरला होता. आपण बरे होणार नाही, हे त्याला माहीत होते. पाठ टेकून झोपता यावे आणि संडासापर्यंत आपल्या पायांनी जाता यावे, एवढेच त्याचे मागणे होते. त्या सकाळी उठायला गेला, तर पायच हलेनात. तेव्हा कुठे वरच्या मंडळींची धावपळ उडाली.

माझ्या फळीवर ठेवताना तो कळवळला, तरी म्हणाला, "कसली कडक फळी ही! माझ्याकडून करून घ्यायची होती."

किरणोपचाराच्या डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्या त्याच्या बायकोला म्हणाल्या, "ताई, दुखणं यानं बरंच कमी होईल. पायांचं मात्र सांगता येत नाही. मणक्यातल्या गाठीनं पायांच्या नसा दाबल्यात, उशीर झालाय."

"रोज आणायचं का यांना?"

"नाही, एकदाच. थोड्या वेळाचं काम आहे."

"एकदाच? मग आधी का नाही दिलंत? किती दिवस तळमळतोय माणूस!"

बरोबर आलेल्या वॉर्डातल्या तरुण डॉक्टरने मान खाली घातली. "मी दुपारी यायचो विचारायला. बाक तुडुंब भरलेले असायचे. वाटलं, एवढ्या गर्दीत यांचा नंबर कधी लागणार? म्हणून परत जायचो."

"दुपारी?" बाईंचा आवाज चिरकला. "अरे, दुपारी हे मशीन रिकामंच असतं!"

"मग ते बाकांवरचे लोक?"

सुताराची बायको पुढे आली. "ते आम्हीच हो! वॉर्डातल्यांचे नातेवाईक. वर उकडतं म्हणून इथं येऊन डबा खायचो. मी पण असायचे त्यात."

मित्रांनो, माझ्या अंगात रोज वीज खेळते, पण असा झटका मला कधी बसला नव्हता. भिंतीपलीकडे ती डबा खात होती, वर तिचा नवरा कण्हत होता आणि मी इथे रिकामे! एकानेही दार वाजवले नाही. मला भयंकर संताप आला, मग रडू आले. यंत्राला रडता येत नाही, एवढेच.

शेक दिला. काही दिवसांनी तो पाठ टेकून झोपू लागला. पायांतली ताकद मात्र परत आली नाही.

माझे कौतुक करू नका, मित्रांनो. फक्त एवढे ध्यानात ठेवा, की जो बरा होणार नाही, त्याचेही दुखणे मला कमी करता येते. पण मी उठून वर जाऊ शकत नाही. गर्दी दिसली तरी आत येऊन विचारा, आणि वेळेवर विचारा.

परवा दुपारी दार धाडकन उघडले. सुताराची बायको चाकांची खुर्ची ढकलत आत शिरली. खुर्चीत नवऱ्याच्या शेजारच्या खाटेवरचा म्हातारा रिक्षावाला होता; त्याच्याही मणक्यात कॅन्सर उतरला होता. मागून तरुण डॉक्टर धापा टाकत येत होता. डॉक्टरबाई काही विचारणार, तेवढ्यात ती म्हणाली, "यांचे पाय अजून हलतायत. आजच घ्या."