काल्याच्या दिवशीची सरळ रेघ

या मित्रांनो, अशा जवळ सरकून बसा. कीर्तनाला बसता तसे मन लावून ऐकाल, तर एका बाळाची गोष्ट सांगते. ते बाळ तेव्हा जन्मलेलेही नव्हते.

मी एक जुनी मशीन आहे. नागपुरातल्या एका प्रसूतिगृहात, खिडकीजवळच्या खाटेशेजारी मी कितीतरी वर्षे काम केले. आईच्या पोटावर माझे दोन पट्टे बांधत आणि आतल्या बाळाचे ठोके मी सगळ्यांना ऐकवीत असे. बुवा आख्यानाच्या भरात आले म्हणजे झांज कशी भरभर वाजते? अगदी तशी चाल! माझ्यातून कागदाची पट्टी निघे, तिच्यावर ठोक्यांची रेघ उमटे. आईच्या हातात एक बटण असे. बाळ हलले की तिने ते दाबायचे, म्हणजे कागदावर बारीक खूण होई. बाळ सुखरूप असले की हलताना त्याचे ठोके वाढतात आणि रेघ टेकडीसारखी वर चढते. माझी सारी विद्या एवढीच.

नवी होते तेव्हा माझे फार कौतुक झाले. बायका पहिल्यांदा ठोके ऐकत आणि हसता हसता रडत.

उन्नती कामठीहून येई. तिला गरोदरपणात साखरेचा त्रास निघाला होता, म्हणून नवव्या महिन्यात डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा तपासणीला बोलावले होते. शेअर ऑटोत धक्के खात यायचे, बाकावर ताटकळायचे, मग वीस मिनिटे माझ्याजवळ पडायचे. सोबत सासूबाई, पुष्पलताबाई. बाई मायाळू, पण कीर्तनाच्या वेड्या. त्यांच्या गल्लीत सप्ताह बसला होता आणि रोज संध्याकाळी त्या सुनेला घेऊन पहिल्या रांगेत बसत.

"मृदंग वाजला का हे पोट्टं लाथा मारते, सिस्टर!" त्या आमच्या जुन्या परिचारिकेला, जिजाबाईंना सांगत.

"मंग त्याले मृदंगच शिकवा, आजी. मायची झोप तरी वाचन."

सप्ताहाचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी काल्याचे कीर्तन होते. सकाळीच दोघी आल्या.

"काल कीर्तनात बाळ जरासंही हललं नाही," पुष्पलताबाई आनंदाने सांगू लागल्या. "समाधी लागली वं त्याले! आज सकाळीही कसं शांत आहे. पट्टी लवकर काढा, काल्याचं कीर्तन चुकलं नाही पाहिजे."

उन्नती खाटेवर आडवी झाली. जिजाबाई पट्टे बांधून, बटण तिच्या हातात देऊन दुसऱ्या खाटेकडे गेल्या.

ठोके चालू होते, पण त्या झांजेत जीव नव्हता. रेघ सरळच चालली होती. इतक्यात बटण दाबले गेले. टक्. खूण उमटली, रेघ मात्र उठली नाही. पुन्हा टक्. पाच खुणा झाल्या, टेकडी एकही नाही. मित्रांनो, मला बोलता येत नाही. मी नुसता कागद बाहेर ढकलत राहिले. कोणीतरी वाचा हो, एवढेच मनात.

जिजाबाईंनी पट्टी बोटांतून दोनदा सरकवली. उन्नतीला डाव्या कुशीवर वळवले आणि आणखी वीस मिनिटे थांबल्या. रेघ तशीच.

"झोपलं असन ते," पुष्पलताबाई घड्याळाकडे पाहत म्हणाल्या.

"आजी, बाहेरच्या माठातून एक गिलास पाणी आणता का?"

त्या गेल्या तशा जिजाबाई खाली वाकल्या. "खरं सांग वं पोरी. हललं का?"

उन्नतीचे डोळे भरून आले. "कालपासून नाही हललं. आई इतक्या खूश होत्या... मले वाटलं, बटण दाबलं तं हलन."

जिजाबाई रागावल्या नाहीत. "सांगतलं ते बरं केलं," एवढे म्हणून कागद घेऊन त्या धावतच डॉक्टरांकडे गेल्या.

माठाशी गर्दी होती; पुष्पलताबाई पाणी घेऊन परतल्या तेव्हा खाट रिकामी होती. उन्नतीला ऑपरेशनसाठी नेले होते. कारण कळताच त्या माझ्या पायाशी खालीच बसल्या.

"मीच त्याले समाधी लावून दिली वं," त्या पुटपुटल्या. एरवी सतत ओठांवर असणारे नामही त्यांना सुचेना. पेला हातातच राहिला.

किती वेळ गेला कोण जाणे. मग भिंतीपलीकडून रडणे ऐकू आले. मुलगी होती. नाळेचे दोन वेढे गळ्याभोवती पडले होते, पण बाळ वाचले.

"आजी, काल्याचं कीर्तन चुकलं ना तुमचं," जिजाबाई दारातून म्हणाल्या.

"हेच ना वं कीर्तन! रडू दे तिले, जोरात रडू दे!"

बाराव्या दिवशी चिन्मयीच्या बारशाचे पेढे आले. पुष्पलताबाईंनी थोडा बुक्का मलाही लावला.

आता माझ्या जागी नवी मशीन आली आहे. माझे पट्टे सैल पडले, मी कोठीत असते. त्याचे दुःख नाही. तुमच्यापैकी कोणाचे ठोकेही मी ऐकले असतील! पण एक मागणे आहे. घरातली गरोदर ताई किंवा काकू म्हणाली, "आज बाळ गप्प आहे," तर तिची समजूत घालत बसू नका. तिला लगेच दवाखान्यात न्यायला मोठ्यांना सांगा. माझ्यासारख्या मशिनी रेघ काढतात, विचारत नाहीत. म्हणून मला विसरलात तरी चालेल. पाणी आणायच्या निमित्ताने सासूला बाहेर पाठवून सुनेला खरे विचारणाऱ्या जिजाबाईंची मात्र आठवण ठेवा.