आंबट पानाचा बाबा

सकाळी सातलाच बाबाच्या अंगणात ही रांग. जो तो कुंडीतल्या जाडजूड पानाचा तुकडा चावायचा आणि तोंड वाकडं करायचा. "आंबट लागलं ना? रात्रीत तुमचं दुखणं पानात उतरलंय," बाबा सांगायचा. मग दिवसभर उन्हात कुंड्यांपुढे पुटपुटत बसायचा. संध्याकाळी तेच पान चाखावं तर सपक. दुखणं म्हणे जळून खाक झालं! चांगली शिकलीसवरलेली माणसं माना डोलवत घरी जायची.

त्या रांगेत आपला सख्खा भाऊ बघून वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचं पित्त खवळलं. भाऊ शिंपी, मधुमेहाचा जुना रोगी. बाबाच्या सांगण्यावरून त्यानं इंजेक्शनं सोडली होती आणि मशीन चालवायच्या पायाची जखम चिघळली होती.

"दादा, पाय जाईल म्हणालेत ना डॉक्टर?"

"तू एकदा चाखून तर बघ, मग बोल."

बाईंनी चाखलं आणि बाबाला विचारलं, "महाराज, झाड कुठलं हे?"

"स्वर्गातलं. याला ना कूळ, ना नाव."

"फुलाला पाकळ्या चार, पुंकेसर आठ, पानं मांसल. ही पानफुटी, आणि कूळही तिच्याच नावाचं. माझ्या शाळेच्या खिडकीत आहे. आज यातली एक कुंडी कपाटात बंद करते. तुमचा मंत्र दारातून आत जातो ना?"

"सात भिंती भेदून जातो," बाबा फुशारला. बाबाला चव बदलते तेवढं ठाऊक होतं, का बदलते ते नव्हतं.

संध्याकाळी सगळ्यांदेखत कपाट उघडलं. भावानं पान चावलं. आंबटढाण. मग बाईंनी शाळेतून आणलेल्या कुंडीतलं चावलं, जिच्यापुढे कुणीच पुटपुटलं नव्हतं. सपक.

"अविश्वासाची सावली पडली," बाबा म्हणाला.

"कपाटात अंधार होता, एवढंच," बाई म्हणाल्या. "पाणी वाचवायला हे झाड पानांची छिद्रं दिवसा मिटतं आणि रात्री उघडतं. रात्री हवेतून घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्ल करून साठवतं, दिवसा उजेडात वापरून टाकतं. म्हणून सकाळी आंबट, संध्याकाळी सपक."

"मग माझं दुखणं?" भावानं विचारलं.

"तुझ्याच अंगात आहे, दादा. ते कुठंही गेलेलं नाही."

त्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. पाय वाचला, दोन बोटं गेली.

बाबाची लबाडी सोडा, तो त्याचा धंदाच. पण पानफुटी निम्म्या घरांच्या दारात होती आणि जीभ प्रत्येकाच्या तोंडात. घरचं एक पान सकाळ-संध्याकाळ चाखून बघायची बुद्धी एकालाही झाली असती, तर शिंप्याच्या पायांची दहाही बोटं आज शाबूत असती.