चौथा रस्ता सोपा आहे

आमच्या गावात कुणालाही रस्ता विचारा, तो सोपाच असतो. "हे काय, इथंच तर आहे," असं म्हणून लोक बोट दाखवतात आणि बोटाच्या टोकाला डोंगर असतो. त्यामुळे राष्ट्रीय उद्यानाच्या ऑफिसने गावाभोवतीच्या सात सायकल-रस्त्यांची पुस्तिका काढायचं ठरवलं, आणि कुठला सोपा, कुठला कठीण हे गावालाच विचारलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला. बेकरीवाल्याच्या दारावरून जाणारा रस्ता बेकरीवाल्याच्या मते सपाट होता. त्याच सपाट रस्त्यावर गेल्या वर्षी तिघा पाहुण्यांचे ब्रेक जळाले, ते बदलले मी.

मी सायकली दुरुस्त करते आणि भाड्याने देते. दुकान खिंडीच्या पायथ्याशी, घर दुकानाच्या मागे. घरात नवरा आणि सासरे. नवरा उद्यानाच्या फाटकावर तिकिटं देतो आणि जिथं जायचं तिथं पायी जातो. सायकलवालीचा नवरा पायी फिरतो, यावर गावाने करायचे तेवढे विनोद करून झालेत.

उद्यानाच्या मॅडम नव्या होत्या, पण खुळ्या नव्हत्या. चार दिवस सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग हे काम त्यांनी माझ्या सासऱ्यांवर सोपवलं. बाबा एकतीस वर्षं पोस्टमन होते. चौथा रस्ता म्हणजे बावीस वळणांचा घाट, आणि त्याच्या माथ्यावरच्या वाडीत रोज टपाल नेणारा माणूस हा. निवृत्त झाले तेव्हा पोस्टाने मानपत्र दिलं. त्यात 'घाटाचा राजा' असं ठळक छापलंय. ते जेवायच्या टेबलासमोरच टांगलंय. माझा नवरा त्याच्याकडे पाठ करून जेवतो. ती खुर्ची त्याने मुद्दाम धरलीय.

त्याला कारण आहे. शाळेत असताना तो सायकलच्या शर्यतींत पहिला यायचा. सोळाव्या वर्षी एकटाच हा घाट चढायला गेला आणि अकराव्या वळणावर उतरला. रडत घरी आला. बाप रोज वीस किलोची पिशवी घेऊन जिथं जातो, तिथं आपण मोकळ्या हाताने अर्धेच पोचतो, म्हणजे आपल्यात काही दम नाही, असं त्याने ठरवून टाकलं. सायकल भिंतीला टेकवली ती टेकवलीच. बाबा अधूनमधून म्हणायचे, "तुझ्या वयात मी..." एवढंच. पुढचं मानपत्र बोलायचं.

तर सोमवारी बाबांनी ऑफिसात बसून सातही रस्त्यांचा निकाल लावला. चौथ्यासमोर लिहिलं, 'सोपा'.

"बावीस वळणं आहेत त्यावर," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, एकतीस वर्षांत एकदाही दमलो नाही," बाबा म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला. फक्त एक नियम आहे. रस्ता ज्याने ठरवला, त्याने तो माझ्यासोबत सायकलवर खालून वरपर्यंत पूर्ण करायचा आणि मगच फॉर्मवर सही करायची. गुरुवारी सकाळी सात वाजता?"

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. मी शेजारीच होते. मला वाटलं, एकाहत्तर वर्षांचा माणूस, वयाला घाबरला असेल.

दुपारी ते दुकानात आले. स्टुलावर बसले. पाना उचलला, पुसला, होता तिथं ठेवला. मग विचारलं, "सूनबाई, चेन आपोआप तुटते का गं कधी?"

"जुनी असली तर."

"आणि चांगली असली तर?"

"बाबा, काय झालंय ते सांगा."

त्यांनी सांगितलं. माथ्यावरच्या वाडीत दूध आणायला रोज सकाळी एक गाडी जायची. सायकल मागे रिकाम्या कॅनवर आडवी, बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी. वाडी दिसायच्या आत उतरायचं, झऱ्यावर तोंड भिजवायचं, शर्टाच्या पाठीवर दोन ओंजळी पाणी मारायचं आणि घंटी वाजवत वाडीत शिरायचं. एकतीस वर्षं. येताना मात्र सायकल, कारण येताना उतार.

"म्हणजे मी खोटं काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "मी ज्या बाजूने पाहिलाय, त्या बाजूने तो सोपाच आहे."

मला आधी हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ संताप आला. "आणि त्याला? त्याला कधी सांगितलंत?"

बाबा चाकाचे आरे मोजायला लागले.

"आज सांगा."

"गुरुवार तर जाऊ दे. तोंडघशी पडलो तर गावात राहायचं कसं? तू आधी चेनचं बघ."

आणि मी बघितलं. त्यांची दया आली म्हणा, मला अक्कल नाही म्हणा. चेनची एक कडी कानशीने इतकी घासली, की दुसऱ्या वळणापर्यंत ती टिकायलाच नको. दोन वळणं चढायची, चेन तुटणार, हळहळायचं आणि मानाने घरी यायचं. दुसऱ्यांच्या चेन जोडून पोट भरणाऱ्या बाईने हे करावं, याची मला अजून लाज वाटते.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. गुरुवारी सकाळी नवरा रजा टाकून दारात उभा. दुकानातली सगळ्यात चांगली गिअरची सायकल त्याने बाहेर काढली होती.

"तू कुठं?" मी विचारलं.

"बाबांना चढताना एकदा बघायचंय. आजवर कधी बघितलंच नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी चेनकडे पाहिलं.

पहिलं वळण झालं. दुसरं झालं. तिसरंही झालं, आणि चेन काही तुटेना. मी माझ्या सायकलवर मागून कान देऊन येत होते. मग डोक्यात प्रकाश पडला. चेन तुटायला पॅडलवर जोर पडावा लागतो. बाबा पॅडलवर पाय असा ठेवत होते, जणू खाली अंडी मांडलीत. त्या कडीला कुणी त्रासच देत नव्हतं. चौथ्या वळणावर मॅडम उतरून चालायला लागल्या आणि चालत चालत त्यांच्या पुढे गेल्या.

पाचव्यावर बाबा थांबले आणि कठड्यावर बसले. श्वास भात्यासारखा चालला होता.

"गुडघा का?" मॅडमनी विचारलं. आयता गुडघा समोर आला होता. हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं.

पण नवरा सायकल टाकून धावत आला. स्वतःचं जाकीट त्यांच्या पाठीवर घातलं. "पुरे, बाबा," तो म्हणाला. "जन्मभर रोज केलंत. आज एक दिवस नाही जमलं, तर काय बिघडलं?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "मी एक दिवसही केलेलं नाही," ते म्हणाले.

आणि मग सगळं सांगितलं. गाडी, कॅन, झरा, पाठीवरच्या दोन ओंजळी. एकही गोष्ट गाळली नाही. मॅडम हातातला एका शब्दाचा फॉर्म फार लक्ष देऊन वाचत राहिल्या.

"मी रडत घरी आलो होतो," नवरा म्हणाला. "तुम्ही म्हणालात, सराव कमी पडला."

"म्हणालो."

"का?"

"तुझ्यासमोर तेव्हा तोंड उघडेना. म्हटलं, सकाळी सांगू. सकाळी उठलो तर तू शाळेत गेला होतास." बाबांनी जाकिटाची बाही गुंडाळली, सोडली. "मग अठ्ठावीस वर्षं झाली."

नवरा माझ्याकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"सोमवारपासून." अठ्ठावीस वर्षांपुढे तीन दिवस म्हणजे काहीच नाहीत, असं पुढे म्हणणार होते. त्याचा चेहरा पाहून गप्प बसले.

तो वळला. सायकल उचलली, बसला आणि वर निघून गेला.

आम्ही तिघं सायकली ढकलत मागून निघालो. प्रत्येक वळणावर मला वाटायचं, आता हा कठड्याला टेकून बसलेला दिसणार. अकरावं वळण जवळ आलं तशी मी सायकल जोरात ढकलायला लागले. तिथं कुणी नव्हतं.

बाबा मात्र तिथं थांबले. "इथंच उतरला होता?"

"हो. इथंच."

त्यांनी कठड्यावरून खाली पाहिलं. गाव पार तळाशी, आमच्या दुकानाचं छप्पर नखाएवढं. "एवढ्या वर आला होता," ते म्हणाले. "गाडीत बसून हे कळत नाही गं." त्यांनी डोळे पुसले. घाम पुसल्याचं सोंगही केलं नाही. मलाही रडू आलं, आणि रागही होताच.

वाडीच्या पहिल्या घराच्या पायरीवर नवरा बसला होता. तोंड लालबुंद, शर्ट अंगाला चिकटलेला, बोलायला श्वास नव्हता. बाबा त्याच्यासमोर उभे राहिले. वाटभर त्यांनी काय काय जुळवलं असेल देव जाणे. तोंडातून निघालं ते एवढंच, "घाम आलाय तुला."

"हा खरा आहे," नवरा म्हणाला.

मॅडमना हसू आवरेना. मग त्यांनी फॉर्म त्याच्या हातात दिला. रस्ता सायकलवर पूर्ण करणारा तो एकटाच, तेव्हा नियमाने सही त्याचीच. त्याने 'सोपा' खोडलं आणि 'कठीण' लिहिलं. खाली प्रवाशांसाठी सूचना लिहायला एक ओळ रिकामी होती. तिच्यावर त्याने पेन टेकवलं. मग लिहिलं आणि कागद बाबांकडे केला.

एकतीस वर्षं लोकांची पत्रं पोचवणाऱ्या माणसाने ती ओळ हळूहळू, मोठ्याने वाचली. "अकराव्या वळणापर्यंत पोचलात तरी पुष्कळ झालं."

"मी पण सही करू का खाली?" त्यांनी विचारलं.

"नियमात नाही," मॅडम म्हणाल्या आणि दुसरीकडे बघू लागल्या.

बाबांनी सही केली. सहीपुढे लिहिलं, 'पाचव्या वळणापर्यंत'.