कृतीतली गाळलेली ओळ

कंपाउंडरांचा हात म्हणजे तराजू, असं दवाखान्यात सगळे म्हणायचे. सदतीस वर्षं त्यांनी डॉक्टरांच्या किरट्या अक्षरातल्या चिठ्ठ्या वाचल्या, मिश्रणं ढवळली, पुड्या बांधल्या. थेंब कधी इकडचा तिकडे झाला नाही. मग ते निवृत्त झाले. दोन वर्षांत बायको गेली. मुलगा तर आधीच दूरदेशी. इमारतीतले लोक त्यांना अजून कंपाउंडरच म्हणत, पण मिसळायला आता चहा-साखरेशिवाय काही उरलं नव्हतं.

मुलगा दर रविवारी फोन करी.

“बरं आहे ना?”

“बरं आहे.”

“जेवलात?”

“जेवलो.”

एवढ्यात दोघांकडचं बोलणं सरायचं. मग एकमेकांकडचं हवामान विचारून फोन ठेवायचा.

खालच्या मजल्यावर एक शिंपीण राहायची. पंचेचाळिशीची. तोंडात टाचण्या धरून काम करायची इतकी सवय, की टाचण्या नसल्या तरी अर्ध्या ओठांनीच बोले. तिची आई अंथरुणाला खिळलेली. इमारतीमागून नाला वाहायचा आणि ऊन कललं की डास असे घरात शिरायचे, जणू घर त्यांच्याच नावावर आहे. डासांची वडी जाळावी तर धुराने आईला खोकल्याची उबळ यायची. मच्छरदाणी लावावी तर म्हातारी म्हणायची, “जिवंतपणीच कशाला झाकून ठेवतेस?”

एकदा जिन्यात शिंपिणीने हे गाऱ्हाणं सांगितलं आणि कंपाउंडरांच्या अंगात सदतीस वर्षं परत संचारली.

त्याच दुपारी ते बाहेर पडले. डास पळवणारं सिट्रोनेलाचं तेल, गवती चहाचं तेल, थोडं निलगिरी, थोडं लवंगेचं, आणि औषधी स्पिरिट घेऊन आले. माळ्यावरून मापाचा पेला काढला, धुतला, उजेडात धरून पाहिला. साठ मिली स्पिरिट. त्यात ड्रॉपरने तेलं: सिट्रोनेलाचे वीस थेंब, गवती चहाचे दहा, निलगिरीचे सहा. लवंग जहाल, तिचे चारच. तेलं स्पिरिटमध्ये पार विरघळली, मगच चाळीस मिली उकळून गार केलेलं पाणी. तपकिरी फवारणीची बाटली भरली, चिठ्ठी चिकटवली. आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहिली, मग बाटली खाली नेऊन दिली.

“दोन-तीन तासांनी परत मारायचं. डोळ्यांजवळ नाही,” त्यांनी बजावलं.

औषध लागू पडलं. आणि दर पंधरवड्याला शिंपीण रिकामी बाटली घेऊन वर येऊ लागली.

बाटली भरायला दहा मिनिटं पुरेत. कंपाउंडर अर्धा तास लावत. ती खुर्चीवर टेकून गिऱ्हाइकांच्या गमती सांगे. एका बाईने वजन कमी होणार म्हणून ब्लाउज आधीच घट्ट शिवून घेतला आणि आता तो महिन्यामहिन्याने सैल करायला आणते. कंपाउंडर हसत आणि थेंब मोजायचे विसरल्याचं सोंग करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. ती यायच्या दिवशी ते सकाळीच दाढी करत. दुसरी खुर्ची पुसून ठेवत. बाकीचे चौदा दिवस त्या खुर्चीवर वर्तमानपत्रं बसत.

सहा महिने असे गेले. मग एक दिवस ती म्हणाली, “काका, दरवेळी तुम्हाला त्रास. मला कृतीच लिहून द्या ना. खाली करत जाईन मी.”

“त्रास कसला?”

“तसं नाही हो. तुम्ही एकटे, त्यात माझी कटकट.”

कंपाउंडरांनी कागद घेतला. अक्षर पहिल्यासारखंच ठसठशीत. तेलांची नावं लिहिली, थेंब लिहिले. स्पिरिटची ओळ आली आणि पेन थांबलं. मग पेनाने ती ओळ ओलांडली आणि लिहिलं: पाणी, शंभर मिली.

मनात त्यांनी हिशेब केला होता. स्पिरिट नाही म्हणजे तेल पाण्यात मिसळणार नाही, वर तरंगत राहील. डास हटणार नाहीत. चार दिवसांत ती येईल, म्हणेल, काका, तुमच्याच हाताला गुण आहे. कुणाचं काय बिघडणार होतं त्यात?

चार दिवस गेले, आठ गेले. कंपाउंडर जिन्यावरची पावलं ऐकत बसू लागले. दुधवाल्याची, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांची, सगळ्यांची चाल त्यांना पाठ झाली. दाढी मात्र रोज करत होते.

बाराव्या दिवशी सकाळी ती आली. हातात बाटली, आणि चेहरा उतरलेला.

“काका, तुमच्याकडे चट्ट्यांवर लावायला काही आहे? आईचा हात भाजल्यासारखा लाल झालाय. डास हटत नव्हते, तरी तुम्हाला परत त्रास नको म्हणून तेच मारत राहिले. माझंच चुकलं काहीतरी. थेंब मोजताना हात सुटला असेल माझा.”

कंपाउंडरांनी बाटली उजेडात धरली. तळाशी बोटाचं पेरही बुडणार नाही एवढंच उरलं होतं, आणि ते नुसतं पिवळं तेल होतं. क्षणात सगळं लक्षात आलं. फवाऱ्याची नळी तळापर्यंत जाते. इतके दिवस तिने नुसतं पाणी फवारलं. बाटली सरत आली तसं वरचं तेल खाली उतरलं, नळीत शिरलं आणि निखळ, जहाल, त्या म्हातारीच्या कागदासारख्या कातडीवर पडलं. त्यांच्या बाटलीला हलवायची गरजच नसायची. तिला हलवायचं ठाऊक असणार कुठून?

ते खाली गेले. म्हातारीचा हात कोमट पाण्याने, सौम्य साबणाने दोनदा धुतला, हलक्या हाताने टिपला, कॅलामाइन लोशन लावलं. मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे होते. म्हातारी म्हणाली, “माझ्या लेकीला रागावू नका हो. बिचारी आंधळ्यासारखी राबते.”

गप्प बसायची सोय होती. शिंपीण स्वतःलाच दोष देत होती, म्हातारी तिची बाजू घेत होती. कंपाउंडरांवर कुणाचा संशयही नव्हता.

“तुझं चुकलं नाही,” ते म्हणाले. “मी ओळ गाळली.”

“कुठली ओळ?”

“स्पिरिटची. मुद्दाम गाळली. औषध फसलं असतं, तर तू परत वर आली असतीस.”

शिलाई मशीनवर अर्धवट शिवलेली बाही लोंबत होती. ती शिंपिणीने उगाचच सरळ केली.

“काका, नुसतं ‘ये, बस’ म्हणाला असतात, तर आले नसते का मी?” ती म्हणाली. या वेळी पूर्ण ओठांनी. “आईच्या अंगावर प्रयोग कशाला?”

कंपाउंडरांनी तिथेच कागद मागून घेतला, पुरी कृती लिहिली, आणि खाली दोनदा रेघ ओढून एक ओळ जोडली: चट्टे पूर्ण जाईपर्यंत आईंना काहीही लावू नये. मग जिना चढून वर आले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना जिन्यात तीनदा थांबावं लागलं.

म्हातारीचा हात दहा दिवसांत बरा झाला, हे त्यांना मास्तरांकडून कळलं. शिंपीण जिन्यात भेटली तर मान हलवी. कंपाउंडरही मान हलवत. ‘ये, बस’ हे दोन शब्द त्यांनी पुष्कळदा तोंडापर्यंत आणले, पण तिच्या हातात नेहमी कपड्यांचा गठ्ठा असायचा, आणि तो गठ्ठा बघून ते बाजूला व्हायचे. मुलाला एका रविवारी त्यांनी सांगून टाकलं, “माझ्या हातून एक चूक झाली.” “औषध-गोळ्या वेळेवर घेता ना?” मुलाने विचारलं. “घेतो,” ते म्हणाले.

दीड महिन्याने एका दुपारी दार वाजलं. शिंपीण उभी होती, आत आली नाही.

“मला तासाभराचं काम आहे, कपडे पोचवायचेत. आई एकटी आहे. बसाल?”

“बसतो.”

म्हातारी झोपलेली होती. कंपाउंडर तिच्या उशाशी लाकडी स्टुलावर बसले. खिडकीच्या फळीवर शिंपिणीने स्वतः भरलेली बाटली होती. त्यांनी ती उघडून हुंगली. लवंग किंचित जास्त पडली होती. आईला लावण्याआधी तिला सांगायला हवं. एक डास म्हातारीच्या कपाळाभोवती घुमत होता. ते तासभर तो हाताने हाकलत राहिले.

म्हातारी जागी झाली नाही. शिंपीण परतली, चपला काढताना “झोपलीच होती ना?” म्हणाली.

“हो. आणि लवंगेचे चारच थेंब, बरं का.”

“बरं,” ती म्हणाली, आणि मशीनवर बसली. कंपाउंडर दार हलकेच ओढून घेऊन वर आले.