घेवड्याच्या चार कुंड्या

लाँड्रीवाल्या वहिनींवर आळ आला तो एका पोत्यामुळे, आणि त्या पोत्यावर त्यांच्या सासूबाई बसलेल्या होत्या.

वहिनींची लाँड्री गल्लीच्या तोंडाशी. पुढे इस्त्रीचं लांब टेबल, मागे दोन मोठी मशीनं, आणि मागच्या भिंतीपलीकडे एक मोकळी जागा. पूर्वी तिथे लोक मोडक्या खुर्च्या आणि फुटकी कौलं आणून टाकत. मग गल्लीतल्या वीस-पंचवीस घरांनी मिळून ती जागा साफ केली, वाफे पाडले, भाज्या लावल्या आणि परसबाग मंडळ काढलं. आजूबाजूच्या दुकानांनीही हात लावला. सुतार भुसा देई, बेकरीवाला रिकामी खोकी, भाजीवाली निवडून उरलेला पाला. वहिनींनी पाणी दिलं. कपडे धुतलेलं पाणी गटारात जायचं ते त्यांनी भिंतीला भोक पाडून नळीनं वाफ्यांत सोडलं. बागेच्या दारावर मदत करणाऱ्या दुकानांची पाटी लागली, तिच्यात पहिलं नाव लाँड्रीचं. वहिनी येताजाता त्या पाटीकडे मुद्दाम बघत नसत. पण ती तिथे आहे, हे त्यांना दिवसातून दोन-चारदा तरी आठवे.

पाणी घेताना मंडळानं एकच अट घातली होती, धुण्याची पावडर बदलायची. मंडळाच्या अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बाईंनी बरंच वाचून एक पत्रक छापलं होतं. बाजारातल्या पावडरी बंद करा, धुण्याचा सोडा आणि साधा साबण वापरा, असं त्यात लिहिलं होतं. वहिनींनी पत्रक मशीनच्या वर चिकटवलं आणि त्या दिवसापासून जुनी पावडर बंद केली. सोड्यानं हात खरखरीत झाले. दोन गिऱ्हाइकं 'कपड्यांना पूर्वीचा वास येत नाही' म्हणून रुसली, त्यांची समजूत घातली. दीड वर्षात चिमूटभर पावडर दुकानात आली नाही.

आणि आता वाफे मरायला लागले होते. आधी घेवडा गेला, मग टोमॅटो मान टाकू लागले. दीड वर्षापूर्वीची भुसभुशीत माती फरशीसारखी घट्ट झाली होती.

एके सकाळी बाई आणि मंडळाचे चिटणीस दुकानात आले. चिटणीस म्हणजे समोरच्या चष्म्यांच्या दुकानातला चष्मेवाला. आदल्या दिवशी तो शर्ट टाकायला आला होता, तेव्हाच त्यानं ते पोतं पाहिलं होतं.

"वहिनी, सरळच विचारते," बाई म्हणाल्या. "जुनी पावडर पुन्हा सुरू केलीत का?"

"नाही."

"मग ते काय?" चष्मेवाल्यानं बोट दाखवलं. पोत्यावर पावडरीचं नाव ठसठशीत दिसत होतं.

"ते माझं आसन," सासूबाई म्हणाल्या. "आत चिंध्या आहेत. उठून दाखवते, पण माझ्या गुडघ्यांना पाच मिनिटं लागतात. वेळ असेल तर थांबा."

दोघं थांबले नाहीत. उठा, असं म्हणायचा धीर त्यांना झाला नाही. आणि न बघताच विश्वास ठेवावा, एवढंही त्यांचं मन मोठं झालं नाही. बाई दारात वळून म्हणाल्या, "रविवारी बैठक आहे. नळी काढून टाकावी असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. आणि पाटीवरचं नावही."

वहिनींच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. नळी गेली असती तर पाणी पुन्हा गटारात गेलं असतं, त्याचं वाईट वाटलं असतंच. पण नाव खोडलं असतं ते 'खोटं बोलली' म्हणून. आणि ज्या गल्लीत घराघरातले कपडे विश्वासानं येतात, तिथे खोटं बोलणाऱ्या बाईनं दुकान कोणत्या तोंडानं चालवायचं?

"नळी मी आजच बंद करते," त्या म्हणाल्या. "पण नाव खोडायच्या आधी मला दीड महिना द्या. माझ्या पाण्यात काय आहे ते मी दाखवते."

"पाणी बघून काय कळणार?" चष्मेवाला म्हणाला.

"मी कुठे बघणार आहे? घेवड्याला विचारते."

बाईंनी बैठक दीड महिना पुढे ढकलली. जिथे नळी कधीच पोचली नव्हती, त्या कोपऱ्यातली माती वहिनींनी आणली. तीन कुंड्या भरल्या, घेवड्याची रोपं लावली, खिडकीत ओळीनं ठेवल्या आणि खडूनं आकडे घातले. पहिलीला नळाचं पाणी. दुसरीला सोड्यानं धुतलेलं. तिसरीला जुन्या पावडरीचं. त्यासाठी पावडरीची एक लहान पुडी आणावी लागली. दुकानदार डोळे मिचकावून म्हणाला, "शेवटी आलात ना वळणावर." वहिनींनी ती पुडी पदराआड लपवली नाही, हातात धरून गल्लीतून चालत आणली.

चौथी कुंडी सासूबाईंची. "तुम्ही शिकलेली माणसं चिठ्ठ्या लावून झाडं वाढवा," त्या म्हणाल्या. "माझं आपलं जमेल तसं."

वहिनींना वाटत होतं, निकाल सरळ लागणार. पहिली आणि दुसरी हिरवीगार राहतील, तिसरी मरेल, आणि पावडरीनं मेलेल्या झाडाची पानं कशी दिसतात ते सगळ्यांना दाखवता येईल. वाफ्यांतली पानं तशी नाहीत, म्हणजे आपण पावडर वापरली नाही. त्यांनी मनात भाषणसुद्धा जुळवून ठेवलं होतं, आणि त्यात बाईंना दोन टोमणेही होते.

पाचव्या आठवड्यात दुसऱ्या कुंडीतल्या पानांच्या कडा करपल्या. गरम इस्त्री विसरून राहावी तशा, तपकिरी. तिसरीचीही पानं पिवळी पडली होती, पण दुसरीची दशा जास्त वाईट. मातीवर पापुद्रा धरला होता. पाणी घातलं की वर तळं साचायचं, खाली मुरायचंच नाही. हुबेहूब वाफ्यांसारखं.

वहिनींनी कुंडी खिडकीतून उचलून इस्त्रीच्या टेबलावर घेतली. मागे मशीन फिरत होतं आणि त्यात मोजून घातलेला सोडा होता, पत्रकात लिहिला होता तेवढाच. म्हणजे दीड वर्ष त्या इमानदारीनं, एकही दिवस न चुकता, बाग मारत होत्या.

"बघितलंस?" सासूबाई म्हणाल्या. "माझी कशी टवटवीत आहे."

खरंच होती. पहिलीच्या बरोबरीनं वाढलेली, एक शेंगही धरलेली.

"आई, तुम्ही कुठलं पाणी घालता हिला?"

"हाताशी जी बादली असेल ती."

सासूबाईंच्या हाताशी रोज एकच बादली असे. कपडे शेवटचे खळबळले की निघणारं पाणी फरशी पुसायला भरून ठेवलेलं असे, ती. वहिनींनी त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. नळाच्या पाण्यासारखंच. मग सोड्याच्या पहिल्या पाण्यालाही बोट लावून पाहिलं आणि थुंकल्या.

बैठकीला दोन दिवस होते. सासूबाई टॉवेलांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "दोन नंबरची उपटून टाक. पहिली आणि तिसरी ने. पावडरीनं झाड मरतं, पावडर तू वापरत नाहीस. विषय संपला."

"आणि वाफे कशानं मेले म्हणून विचारलं तर?"

"ते शोधतील की. चष्मेवाला आहे मंडळात."

वहिनींना हसू आलं, पण सल्ला वाईट नव्हता. तेवढ्यानं नाव राहिलं असतं. नळी पुन्हा सुरू झाली असती आणि वाफे पुन्हा मेले असते. पाटी राहिली असती, पाटीमागे झाड राहिलं नसतं. शिवाय बाईंचं ते पत्रक आणखी अकरा दुकानांत आणि घरांत गेलं होतं, आणि त्यांतल्या कित्येकांनी अंगणात पाणी सोडलं होतं.

"चारही नेते," त्या म्हणाल्या.

"यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण."

"म्हणू देत. तुमचीही नेते."

"माझी सांभाळून ने. शेंग पडली तर तुला सोडणार नाही."

रविवारी बागेतल्या बाकांवर पंधरा-सोळा माणसं जमली. वहिनींनी हातगाडीवरून कुंड्या आणल्या आणि मधल्या टेबलावर मांडल्या. जुळवलेलं भाषण त्यांनी केलं नाही. कुठल्या कुंडीला काय घातलं तेवढं सांगितलं आणि बाजूला उभ्या राहिल्या.

चष्मेवाला सगळ्यांत आधी बोलला. "म्हणजे चूक तुमच्याच पाण्याची निघाली."

"हो. पाणी माझंच. त्यातला सोडा तुम्ही सांगितलेला."

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. बाई ताठ बसल्या होत्या. "मी नीट वाचून लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "सोड्यानं नदीला अपाय होत नाही. कुठल्याही पुस्तकात बघा."

"नदीला होत नसेल बाई. नदीतून पाणी वाहून जातं, कुंडीतून कुठे जाणार?"

बाई उठल्या. दुसऱ्या कुंडीत त्यांनी बोट घातलं. नख आत जाईना. मग चौथीत घातलं, ते पेरभर गेलं. त्या तशाच वाकून उभ्या राहिल्या. समोर बसलेली निम्मी माणसं त्यांच्याच शाळेत शिकलेली होती, आणि बाईंची चूक निघाल्यावर कुठे बघायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"चौथीला शेवटचं पाणी?" बागेची नळकामं बघणारा प्लंबर म्हणाला. "मग सोपं आहे. दोन तोंडांचा व्हॉल्व्ह बसवतो. पहिली दोन पाणी गटाराच्या पाइपात सोडायची, शेवटचं बागेत. पण फिरवायचा हातानंच. आपोआप फिरणारा आपल्याला झेपणार नाही."

"दिवसाला आठ धुणी निघतात त्यांची," चष्मेवाला म्हणाला. "म्हणजे सोळा वेळा फिरवणं. एकदा जरी विसरलात—"

"माझ्या सासूबाई समोरच बसलेल्या असतात," वहिनी म्हणाल्या. "विसरायची सोय नाही."

लोक हसले. वहिनी हसल्या नाहीत. "नाव ठेवायचं की खोडायचं ते तुम्ही ठरवा. झाडं माझ्या पाण्यानं मेली, तेव्हा खोडलंत तरी माझी तक्रार नाही. पण मी खोटं बोलले म्हणून खोडू नका. तेवढं कुणीतरी इथे बोला."

कुणी बोललं नाही. बाईंनी बोटाची माती रुमालाला पुसली, बैठक संपली असं सांगितलं आणि कुणाकडे न बघता निघून गेल्या. वहिनींनी कुंड्या हातगाडीवर चढवल्या. येताना जड लागली नव्हती तेवढी गाडी जाताना जड लागली.

पुढच्या तीन दिवसांत प्लंबरनं व्हॉल्व्ह बसवला. कोणी सांगितलं नव्हतं तरी सुतार आणि भाजीवाली वाफ्यांतली वरची कडक माती खरवडून काढायला आले, आणि वहिनी दोन धुण्यांच्या मधल्या वेळात त्यांच्याबरोबर खुरपं घेऊन बसल्या. त्या मातीत शेणखत आणि भुसा कालवून एक वर्ष तरी थांबावं लागेल, असं भाजीवालीचं मत पडलं. "थांबू की," वहिनी म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी बाई दारात उभ्या. हातात नव्या पत्रकांचा गठ्ठा. वहिनींनी एक उचलून वाचलं. सोड्याचं पाणी मातीत सोडू नका, फक्त शेवटच्या खळबळण्याचं पाणी घाला, असं त्यात होतं. आणि खाली, 'हे लाँड्रीवाल्या वहिनींनी कुंड्या लावून तपासलं आहे. आधीच्या पत्रकातली चूक माझी.'

"अकरा ठिकाणची जुनी पत्रकं परत आणायची आहेत," बाई म्हणाल्या. "तुम्ही बरोबर याल?"

"पत्रकं काय, तुम्ही एकट्याही आणाल."

"आणीन. पण दारात उभं राहून 'माझं चुकलं' म्हणायची मला सवय नाही. एकटी गेले तर काहीतरी दुसरंच बोलून येईन."

"मग जाऊ देऊ नकोस एकटीला," सासूबाई पोत्यावरून म्हणाल्या.

वहिनींनी मशीनचं घड्याळ पाहिलं. शेवटचं पाणी सुटायला पंचवीस मिनिटं होती. त्यांनी ओले हात पुसले.

बेकरीत बाई पहिलं वाक्य अडखळत बोलल्या. पण बोलल्या, वहिनींकडे हात करून, नाव घेऊन, चार गिऱ्हाइकांच्या देखत. बेकरीवाल्यानं भट्टीजवळचं जुनं पत्रक मुकाट्यानं काढून दिलं. शिंपिणीकडे वाक्य सरळ निघालं. तिसरं दुकान कुंभाराचं. त्यानं मागच्या अंगणात केळी लावल्या होत्या, सोड्याच्या पाण्यावर, आणि घटकाभर वाद घातल्याशिवाय तो कुणाचं काही ऐकत नसे.

"कालपर्यंत सोडा चांगला होता, आज वाईट?" त्यानं चाक थांबवलं. "उद्या आणखी काही म्हणाल. बसा, मला पहिल्यापासून सांगा."

बाई स्टुलावर बसल्या. वहिनींनी त्याच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या.

"तुम्ही सांगत राहा बाई," त्या म्हणाल्या. "मी व्हॉल्व्ह फिरवून येते."